सिगारेट सोडू पाहणाऱ्या गर्भवतींसाठी दूरध्वनी समुपदेशन: चांगली सेवा, पण प्रसूतीपाशी थांबणारी

गरोदरपणात सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीला ती सोडण्यासाठी दूरध्वनीवरून मदत करणारी एक समुपदेशन सेवा मी माझ्या गरोदरपणात आणि प्रसूतीनंतरही काही काळ वापरली. तिचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण अशा सेवा ठिकठिकाणी बऱ्याच अंशी एकाच पद्धतीने चालतात आणि मला जोखायची आहे ती पद्धत. माझे मत आधीच सांगते. सिगारेट सोडायची इच्छा आहे पण ती सुटत नाही, अशा प्रत्येक गर्भवतीने ही सेवा घ्यावी, आणि दिवस गेल्याचे कळताच घ्यावी. मात्र तिच्यात एक मोठी उणीव आहे. ही सेवा सुरुवातीला आईशी बोलते, पुढे हळूहळू केवळ बाळाविषयी बोलू लागते, आणि त्यामुळे बाळ जन्मले की तिच्याजवळचे बोलणेच संपून जाते.

सेवेची रचना साधी आहे. आपण स्वतः दूरध्वनी करून नाव नोंदवायचे किंवा तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायची. मग ठरलेल्या वेळी समुपदेशक आपल्याला दूरध्वनी करतात. पहिले संभाषण सविस्तर असते. त्यात सिगारेट सोडण्याचा दिवस ठरतो, त्या दिवसाच्या आगेमागे दूरध्वनी अधिक वेळा येतात आणि पुढे ते विरळ होत जातात. मधल्या काळात मोबाइलवर लहान संदेश येत राहतात. औषधाचा प्रश्न आला, तर समुपदेशक तो डॉक्टरांकडे सोपवतात.

या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट तिच्या पहिल्याच प्रश्नात आहे. तपासणीच्या वेळी गर्भवतीला सहसा विचारले जाते, ‘तुम्ही सिगारेट ओढत नाही ना?’ या प्रश्नातच उत्तर दडलेले असते आणि स्त्री ते उत्तर देऊन मोकळी होते. इथे समुपदेशक ताईंनी मला काही पर्याय वाचून दाखवले: कधीच ओढली नाही, दिवस जाण्यापूर्वी सोडली, दिवस गेल्याचे कळल्यावर सोडली, कळल्यावर कमी केली पण अजून ओढते, पूर्वीइतकीच ओढते. ‘यांतले तुम्हाला कोणते लागू पडते?’ एवढेच त्यांनी विचारले. हो किंवा नाही असे उत्तर मागण्याऐवजी असे पर्याय समोर ठेवले, तर जास्त गर्भवती खरे सांगतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आणि तेव्हापासून प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत सुचवली जाते. मी तिचा अनुभव घेतला, म्हणून सांगू शकते की शेवटून दुसरा पर्याय ऐकताना माझ्यासारख्या इतरही असतात हे मला पहिल्यांदा जाणवले आणि खरे उत्तर देणे सोपे झाले.

हे एवढे महत्त्वाचे का, ते सांगायला हवे. गर्भवतीच्या हातातल्या सिगारेटकडे जग ज्या नजरेने पाहते, त्या नजरेमुळे सिगारेट सुटत नाही, ती लपते. स्त्री गच्चीवर जाते, स्नानगृहाची खिडकी उघडते, कपडे बदलते, तोंड धुते, आणि तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना खोटे सांगते. ज्या एका ठिकाणी तिला मदत मिळू शकली असती, तेच ठिकाण तिच्यासाठी बंद होते. अपराधीपणाने मन पोखरले गेले की तलफ वाढते आणि तलफ शमवली की अपराधीपण आणखी वाढते. या फेऱ्यात अडकलेल्या स्त्रीला ‘बाळाचा विचार कर’ असे सांगणे निरुपयोगी आहे, कारण ती दुसरा कसलाही विचार करत नसते. या सेवेतील समुपदेशकांनी मला हे वाक्य एकदाही ऐकवले नाही. मी चांगले गुण देते ते प्रामुख्याने यासाठी.

दुसरी चांगली बाजू म्हणजे शरीरात काय घडते याची दिलेली माहिती. ती भीती घालण्यासाठी दिली जात नाही. पुढचे पाऊल का टाकायचे हे समजावे म्हणून दिली जाते. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात, पण गर्भाच्या दृष्टीने दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात, असे ताईंनी सांगितले: कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटिन. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे रक्त प्राणवायू कमी वाहून नेते आणि जो नेते तोही सहजासहजी सोडत नाही. तो वायू वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, गर्भाच्या रक्तात उतरतो आणि तिथे त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षाही जास्त होते. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि तेही वारेतून पलीकडे जाते. म्हणून सिगारेट ओढणाऱ्या मातांची बाळे सरासरी सुमारे दोनशे ग्रॅम कमी वजनाची जन्मतात. वार गर्भाशयापासून वेळेआधी सुटणे, वार गर्भाशयात फार खाली असणे, गर्भजलाची पिशवी लवकर फुटणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, मृत बालकाचा जन्म आणि जन्मानंतर झोपेत होणारा अर्भकाचा आकस्मिक मृत्यू, या सगळ्यांचा धोका वाढतो. ही जाण अलीकडची नाही. कमी दिवसांची बाळंतपणे आणि आईचे धूम्रपान यांचा संबंध दाखवणारा संशोधक सिम्पसन यांचा अहवाल १९५७ सालचा आहे, म्हणजे अमेरिकेच्या सर्जन जनरलचा (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा) धूम्रपानाविषयीचा गाजलेला १९६४ चा अहवाल येण्याच्याही आधीचा.

इथवरचे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. ताईंचे कौशल्य त्यापुढच्या वाक्यात होते. त्या म्हणाल्या, ‘कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. तुम्ही आज थांबलात, तर परवा बाळाला मिळणारे रक्त वेगळे असेल.’ आजवर माझ्यासमोर आलेल्या सगळ्या इशाऱ्यांत नुकसानीचाच हिशेब होता. काय परत मिळवता येते हे कोणी सांगितले नव्हते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील गर्भवतींच्या एका मोठ्या अभ्यासात, पंधराव्या आठवड्यापूर्वी सिगारेट सोडलेल्या स्त्रियांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे आणि लहान चणीच्या बाळांचे प्रमाण सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांइतकेच आढळले. पंधरावा आठवडा उलटून गेला म्हणजे संधी गेली, असा मात्र याचा अर्थ नाही. बाळाचे वजन शेवटच्या महिन्यांत सर्वाधिक वाढते, म्हणून उशिरा सोडण्यानेही लाभ होतो. पंधराव्या आठवड्याचा उल्लेख सेवेच्या छापील पत्रकात फार ठळक केलेला आहे आणि त्यानंतरच्या काळाविषयी एकच ओळ आहे. सहाव्या महिन्यात ते पत्रक हाती पडलेल्या स्त्रीने ते बाजूला ठेवून दिले, तर तिला दोष देता येणार नाही. ही चूक सुधारायला फारसे कष्ट पडणार नाहीत.

माझ्या मनात ज्या शंका होत्या, त्या अनेकींच्या मनात असतील, म्हणून त्यांची उत्तरे सेवेने कशी दिली तेही नोंदवते. एकदम सोडल्याने होणारा ताण बाळाला जास्त घातक ठरेल का, असे मी विचारले. हा सल्ला मला वडीलधाऱ्यांकडून आणि एका डॉक्टरांकडूनही मिळाला होता. उत्तर स्पष्ट होते: तलफेने येणारी बेचैनी आईला त्रासदायक असते, पण तिने बाळाला इजा होत असल्याचे पुरावे नाहीत, धुराने इजा होत असल्याचे मात्र भरपूर आहेत. कमी केल्या तर चालणार नाही का, या प्रश्नाचे उत्तर अधिक सावध होते. सिगारेटची संख्या कमी झाली की माणूस नकळत झुरके खोल घेऊ लागतो, धूर जास्त वेळ छातीत ठेवतो आणि थोटूक अगदी शेवटपर्यंत ओढतो, त्यामुळे संख्या जितकी घटते तितका धूर घटत नाही. कमी करणे हा सोडण्याच्या वाटेवरचा टप्पा म्हणून ठीक, मुक्काम म्हणून नाही. बाळ लहान असेल तर प्रसूती सोपी होईल, असा एक समजही काही स्त्रिया मनाशी धरून असतात. त्यावर ताईंनी सांगितले की धूम्रपानाने बाळाचे नुसते आकारमान कमी होत नाही, त्याची वाढच खुंटते, आणि अशा बाळाला प्रसूतीच्या वेळी व नंतरही जास्त अडचणी येतात.

तलफेशी झुंजण्याचा भाग हा या सेवेचा गाभा आहे. तलफ आली की ती वाढतच जाणार असे वाटते. प्रत्यक्षात ती काही मिनिटांत ओसरते. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो, त्यानंतर चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे हे सारे तीन-चार आठवड्यांत बरेच निवळते. पण कोणत्या वेळी कोणती तलफ येते हे प्रत्येकीचे वेगळे असते. सेवेने मला एक वही ठेवायला सांगितली: सिगारेट ओढली ती वेळ, त्या आधी काय घडले, कोण सोबत होते, तलफ किती तीव्र होती. ती वही भरताना दिसले की माझ्या बहुतेक सिगारेटी शरीराच्या मागणीपेक्षा प्रसंगांना बांधलेल्या होत्या. सकाळची पहिली सिगारेट मात्र शरीर मागत होते. ताईंनी दोन्हींवर दोन वेगळे उपाय सुचवले. प्रसंगांना बांधलेल्या सिगारेटींसाठी तो प्रसंगच बदलायचा, म्हणजे बसण्याची जागा, कामांचा क्रम, सोबत. आणि सकाळच्या सिगारेटीसाठी आदल्या रात्रीच तयारी करून ठेवायची, कारण झोपेतून उठलेले मन वाटाघाटी करण्याच्या स्थितीत नसते.

याच संदर्भात मला एक गोष्ट कळली, जी प्रत्येक गर्भवतीला आणि तिच्या घरच्यांना कळायला हवी. गरोदरपणात शरीर निकोटिनचा निचरा एरवीपेक्षा पुष्कळ वेगाने करते. म्हणजे एका सिगारेटीतले निकोटिन लवकर संपते आणि पुढची तलफ लवकर येते. दिवस गेल्यावर सोडणे इतके अवघड का वाटते, याचे एक कारण रक्तात आहे. ‘आई होणार आहेस, एवढेही जमत नाही?’ असे ज्यांना विचारावेसे वाटते त्यांनी हे ऐकावे. ताईंनी हे सांगितले तेव्हा मला जे हायसे वाटले, ते कोणत्याही प्रोत्साहनाने वाटले नव्हते.

निकोटिनचे च्युइंगगम आणि पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) यांविषयी सेवेची भूमिका मला काहीशी संकोची वाटली, आणि त्याला कारणही आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत १०५० गर्भवतींना निकोटिनचे किंवा नुसतेच दिसायला तसे असलेले पॅच दिले गेले. प्रसूतीपर्यंत सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण निकोटिन गटात ९.४ टक्के आणि दुसऱ्या गटात ७.६ टक्के होते, हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नव्हता. पण त्या चाचणीत फार थोड्या स्त्रियांनी पॅच महिनाभराहून अधिक काळ वापरले होते, आणि निकोटिनचा निचरा वेगाने होत असताना नेहमीची मात्रा पुरेशी पडते का, हाही प्रश्न उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या शिफारशींत गरोदरपणातील निकोटिन पर्यायांच्या बाजूने किंवा विरोधात शिफारस केली नाही. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची मात्र गरोदरपणात शिफारस करत नाही, असे स्पष्ट म्हटले. काही देशांत डॉक्टर समुपदेशनाच्या जोडीने पॅच किंवा गम देतात, कारण त्यांत धूर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नाही. पॅच दिला तर तो रात्री काढून ठेवायला सांगतात. मला डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमचे गम दिले. ते कसे वापरायचे हे सेवेने डॉक्टरांपेक्षा चांगले शिकवले: चघळत राहायचे नाही, थोडे चावून तिखट चव आली की गालात दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे, आणि त्याआधी पंधरा मिनिटे आंबट पेय घ्यायचे नाही, कारण आम्लामुळे निकोटिन तोंडात शोषले जात नाही. हे ठाऊक नसल्याने गम भराभर चावून गिळलेल्या रसाने मळमळ होते आणि स्त्री ते टाकून देते. गरोदरपणात तर मळमळ आधीच असते.

कार्बन मोनॉक्साइड मोजणारे फुंकण्याचे यंत्र ज्या तपासणी केंद्रांत असते, तिथे सेवा त्याचा आकडा विचारून नोंदवते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आकडा दशलक्ष भागांत चार किंवा अधिक आला, तर गर्भवतीला सिगारेट सोडवणाऱ्या सेवेकडे पाठवतात. हे यंत्र पकडण्यासाठी वापरले, तर ते पुन्हा लपवाछपवीकडे नेईल. आमच्या बाबतीत ते तसे वापरले गेले नाही. आकडा उतरत गेलेला बघणे हा माझ्यासाठी त्या काळातला मोठा आधार होता.

आता उणिवांकडे वळते. दरवेळी त्याच ताई भेटतील याची खात्री नाही. समुपदेशक बदलले की सारी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, आणि जी स्त्री एकदाच मोठ्या धीराने खरे बोललेली असते तिच्यासाठी ही क्षुल्लक गैरसोय नाही. दूरध्वनीच्या वेळा कार्यालयीन आहेत, तलफेच्या वेळा तशा नाहीत. घरातल्या इतरांसाठी सेवेकडे जवळजवळ काहीच नाही, आणि ही मोठी चूक आहे असे मला वाटते. जोडीदार समोर बसून ओढत असेल, तर स्त्रीला स्वतःच्या तलफेबरोबर त्याच्या धुराशीही लढावे लागते आणि तो धूर बाळापर्यंत पोचतोच. एका समुपदेशकाने मला ‘त्यांना बाहेर ओढायला सांगा’ असा सल्ला दिला. सांगणे सोपे आहे. त्यांच्याशी सेवेने स्वतः बोलायला हवे, एक दूरध्वनी त्यांच्या नावाने व्हायला हवा.

मोबाइलवरचे संदेश हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. सुरुवातीचे संदेश माझ्याविषयी होते: आज कसे वाटते आहे, रात्री झोप लागली का, तलफ कोणत्या वेळी आली. मग ते बाळाविषयी होऊ लागले: आज तुमच्या बाळाची बोटे तयार झाली, आज बाळाला तुमचा आवाज ऐकू येतो, त्याच्यासाठी सोडा. चांगल्या दिवशी असे संदेश बळ देतात, पण मोह आवरता न आलेल्या दिवशी तेच संदेश आरोपपत्र होतात. आणि गर्भ गेला, तर हे संदेश थांबवण्याची सोय मला त्या सेवेत कुठेही सापडली नाही. जिचे बाळ राहिले नाही तिच्या मोबाइलवर आठवड्या-आठवड्याने बाळाची बोटे मोजणारे संदेश येत राहावेत, हे सेवा चालवणाऱ्यांपैकी कोणालाच सुचले नसेल, तर त्यांनी आजच्या आज ते दुरुस्त करावे.

मोह आवरला नाही, तर काय, याबाबत मात्र दूरध्वनीवरचे समुपदेशन संदेशांपेक्षा कितीतरी परिपक्व आहे. सोडल्यानंतर मधेच एखादी सिगारेट ओढली गेली, तर ताई ‘सगळे वाया गेले’ असे म्हणत नाहीत. कोणत्या प्रसंगी घडले, ते विचारतात आणि पुढच्या तासापासून पुन्हा सुरुवात धरतात. बहुतेक माणसे कायमची सोडण्याआधी अनेकदा सोडून पाहतात, हे वास्तव या पद्धतीत गृहीत धरलेले आहे.

मी ज्या मोठ्या उणिवेचा उल्लेख केला ती प्रसूतीनंतर कळते. प्रसूती झाल्यावर एक अभिनंदनाचा दूरध्वनी आला, काही आठवड्यांनी आणखी एक, आणि नोंद बंद झाली. गरोदरपणात सोडलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या प्रसूतीनंतरच्या वर्षात पुन्हा सिगारेटकडे वळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. महिनोन्महिने तिला एकच कारण दिले गेले, ते कारण पोटातून बाहेर आले. रात्रीची झोप गेली, शरीर थकले, एकटेपण आले, मन उदास झाले, आणि जुन्या प्रसंगांना बांधलेल्या तलफा तिथल्या तिथेच होत्या. सर्वांत जास्त आधार लागतो त्या महिन्यांत सेवा निघून जाते. स्तनपान करणाऱ्या आईच्या दुधात निकोटिन उतरते. तरीही तिने ओढलेच तर स्तनपान थांबवू नये, बाळाला पाजून झाल्यावर आणि त्याच्यापासून दूर जाऊन ओढावे, घरात व गाडीत धूर होऊ देऊ नये, असा सल्ला जाणकार देतात. हे मला सेवेकडून कळायला हवे होते. बालरोगतज्ज्ञांकडून कळले, तेही मी विचारले म्हणून.

सेवेने हा काळ आपला मानला असता, तर समुपदेशनाचा रोखच पहिल्या दिवसापासून वेगळा राहिला असता. स्त्रीची फुप्फुसे, तिचे हृदय, तिचे पुढचे आयुष्य यांविषयी मला गरोदरपणातल्या एकाही दूरध्वनीत काही सांगितले गेले नाही. बाळाच्या वजनाचा आकडा सांगणाऱ्यांनी आईच्या आयुष्याचाही एक आकडा सांगायला हवा होता: तिशीत सिगारेट सोडणाऱ्या व्यक्तीला धूम्रपानाने कमी होणाऱ्या आयुष्यापैकी बहुतेक आयुष्य परत मिळते, साधारण दहा वर्षे. गर्भवती स्त्रियांपैकी कित्येक याच वयाच्या असतात.

ही सेवा घेऊ इच्छिणाऱ्यांना तीन गोष्टी सुचवते. नोंदणीच्या वेळीच, शक्य असेल तर एकच समुपदेशक द्या, असे मागून घ्यावे. मी उशिरा मागितले आणि मिळाले. बाळाविषयीचे संदेश नको असतील, तर पहिल्याच दूरध्वनीवर तसे सांगावे. लेखी पर्याय नसला तरी समुपदेशक ते बंद करून घेऊ शकतात. आणि शेवटचे म्हणजे, प्रसूतीची अंदाजे तारीख विचारली जाते तेव्हाच त्यानंतरच्या सहा महिन्यांचे दूरध्वनी ठरवून मागावेत. नियमात ते नाही, पण मी विनंती केल्यावर माझ्या ताईंनी आपल्या वरिष्ठांशी बोलून माझी नोंद पुन्हा उघडली आणि मला आणखी काही महिने त्यांचे दूरध्वनी येत राहिले.